हत्तींच्या जंगलात ‘पॉइंट टू-टू’ कशाला? आफ्रिकन सफारीतल्या सगळ्यात छोट्या रायफलची गोष्ट

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या फायनलमध्ये उभा होता. ४५१.४ गुण, कांस्यपदक आणि अख्ख्या महाराष्ट्रात जल्लोष. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये आणलेल्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं होतं.

त्या दिवशी स्वप्नीलच्या रायफलमधून जी गोळी सुटत होती, तिचं नाव ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’. कॉलेजात एनसीसीला असलेल्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. फायरिंग रेंजवर पालथं पडून, दस्ता खांद्याला घट्ट लावून ज्या रायफलनं पहिल्यांदा गोळी झाडली, ती बहुतेकांसाठी पॉइंट टू-टूच होती.

हीच पेन्सिलीएवढ्या जाडीची गोळी आफ्रिकेच्या शिकारी सफारीतही वापरली जाते. जिथं हत्ती, रानरेडे आणि बिबटे फिरतात, तिथं.

आता साहजिक प्रश्न पडतो. एवढ्या मोठ्या जनावरांच्या मुलखात ही एवढीशी बंदूक कशाला? तिनं काय मारतात, काय मारता येत नाही, कायदा काय म्हणतो, आणि अनुभवी शिकारीसुद्धा हिच्याबाबतीत जपून का असतात?

सविस्तर पाहू.

आधी दोन शब्द समजून घ्या : सफारी आणि स्मॉल गेम

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द. मूळ अरबी, ‘सफर’ म्हणजे प्रवास. मराठीतली ‘सफर’ही त्याच घरातली. आज सफारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उघडी जीप आणि कॅमेरा येतो. केनियात तर १९७७ मध्ये शिकारीवर बंदी आली, त्यामुळे तिथं सफारी म्हणजे कॅमेराच. पण नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, टांझानिया अशा देशांत परवाना काढून केलेली शिकार आजही कायदेशीर आहे. बोट्स्वानानं २०१४ मध्ये ती थांबवली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली.

या शिकारीत ‘गेम’ म्हणजे शिकारीचा प्राणी. हत्ती, रानरेडा, कुडू हे झाले बिग गेम. ससे, रानकोंबड्यांसारखे पक्षी आणि बिळात-कपारीत राहणारे छोटे प्राणी म्हणजे स्मॉल गेम. फोटो काढून भिंतीवर लावायचे ते पहिल्या गटातले. संध्याकाळी चुलीवरच्या भांड्यात जातात ते दुसऱ्या गटातले. पॉइंट टू-टूचं काम या दुसऱ्या गटाशी.

‘रिमफायर’ म्हणजे नेमकं काय?

दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवा. टिकलीवर ठोका बसला की ठिणगी पडते आणि आवाज होतो. काडतुसाचंही तत्त्व तेच. काडतुसात ठोक्यानं पेटणारं थोडं संवेदनशील मिश्रण असतं. ते पेटलं की आतली दारू पेटते, वायू तयार होतो आणि त्या दाबानं गोळी नळीतून बाहेर पडते.

मोठ्या रायफलींच्या काडतुसात ही ‘टिकली’ बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. म्हणून त्यांना सेंटरफायर म्हणतात. रिमफायरमध्ये वेगळी टिकली नसतेच. काडतुसाच्या बुडाला ताटाच्या काठासारखी एक कड असते, आतून पोकळ. ते मिश्रण त्या कडेच्या आतल्या पोकळीत भरलेलं असतं. रायफलची पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि बार उडतो.

या रचनेचे तीन परिणाम होतात.

पहिला, काडतूस स्वस्त पडतं. मोठ्या रायफलच्या एका काडतुसाच्या किमतीत याची कितीतरी येतात.

दुसरा, ताकद मर्यादित राहते. पिनच्या ठोक्यानं चेपायची म्हणजे कड पातळच हवी. पातळ धातू जास्त दाब सोसू शकत नाही. म्हणून आत दारूही बेताचीच.

तिसरा, एखादा बार फुसका जाण्याची शक्यता सेंटरफायरपेक्षा जास्त. कडेच्या एखाद्या भागात मिश्रण नीट पसरलं नसेल आणि पिन नेमकी तिथंच आपटली, तर नुसतं ‘टिक्’ होतं. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण क्वचित बार उशिरानं उडतो. लगेच उघडून बघणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

दिवाणखान्यातून जंगलात

रिमफायरचा जन्म जंगलात झाला नाही. १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिरानं एक छोटंसं काडतूस तयार केलं, ते घरातल्या घरात निशाणेबाजीची मजा घेण्यासाठी. त्याच कल्पनेवर अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं १८५७ मध्ये ‘पॉइंट २२ शॉर्ट’ आणलं. पुढं १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीनं ‘पॉइंट २२ लाँग रायफल’ बाजारात आणलं. ऑलिम्पिकमध्ये, एनसीसीत आणि सफारीवर दिसतं ते हेच. रचनेत फारसा बदल न होता सव्वाशेहून जास्त वर्षं टिकलेलं काडतूस.

पुढं त्याला दोन ताकदवान भावंडं मिळाली. १९५९ मध्ये विंचेस्टर कंपनीचं पॉइंट २२ मॅग्नम आणि २००२ मध्ये हॉर्नाडी कंपनीचं पॉइंट १७ एचएमआर. दोन्ही रिमफायरच, पण वेग बराच जास्त.

आकडे काय सांगतात?

पॉइंट २२ म्हणजे इंचाचा ०.२२ भाग. गोळीची जाडी साधारण ५.६ मिलिमीटर. नेहमीच्या गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. वेगवान प्रकारातली गोळी नळीतून बाहेर पडताना सेकंदाला साधारण ३७५ ते ३८० मीटर वेगानं जाते. त्या वेळी तिच्यात सुमारे १९० ज्यूल ऊर्जा असते.

१९० ज्यूल म्हणजे किती? ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे ही गोळी वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या साधारण दीडपट. फरक इतकाच, की चेंडूची ताकद तळहाताएवढ्या जागेवर पसरते, गोळीची ५.६ मिलिमीटरच्या ठिपक्यावर एकवटते. म्हणून चेंडू लागला तर काळंनिळं होतं आणि गोळी लागली तर माणूसही मरू शकतो. ‘छोटी आहे’ म्हणून ही बंदूक खेळणं ठरत नाही.

आता दुसऱ्या टोकाला बघा. आफ्रिकेतली नावाजलेली मोठी रायफल म्हणजे पॉइंट ३७५ एच अँड एच मॅग्नम, १९१२ सालची. तिच्या गोळीची ऊर्जा साधारण ५,८०० ज्यूल. पॉइंट टू-टूच्या जवळपास तीसपट.

मॅग्नमची ऊर्जा सुमारे ४३५ ज्यूल आणि पॉइंट १७ एचएमआरची सुमारे ३३० ज्यूल. म्हणजे रिमफायर घराण्यातला दणकट सदस्यही मोठ्या रायफलींच्या आसपास फिरकत नाही.

मग हिनं मारतात काय?

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या भागात स्मॉल गेम म्हटलं की पुढची नावं येतात.

गिनी फाउल : करड्या अंगावर पांढरे ठिपके, निळसर मान आणि डोक्यावर हाडाचा टोप. वजन सव्वा ते दीड किलोच्या घरात. थव्यानं राहतो, धोका दिसला की उडण्याऐवजी आधी पळत सुटतो. सकाळ-संध्याकाळ पाणवठ्यावर येतो आणि रात्री झाडावर बसतो. सफारी कॅम्पवर सगळ्यात जास्त मागणी याला.

फ्रँकोलिन आणि स्परफाउल : आपल्याकडच्या तित्तिराचे नातेवाईक. झुडपांच्या कडेनं चरताना दिसतात.

स्क्रब हेअर : झुडपी माळावरचा ससा. दिवसा झुडपाखाली दबून बसतो, अंधार पडला की बाहेर येतो.

स्प्रिंगहेअर : नावात ‘हेअर’ असलं तरी हा ससा नाही, उंदराच्या कुळातला कृंतक आहे. वजन साधारण तीन किलो, आणि कांगारूसारखा मागच्या पायांवर उड्या मारतो. सान समाजाचे लोक हा प्राणी बंदुकीशिवाय पकडत आले आहेत. टोकाला आकडा लावलेली लांबच लांब काठी बिळात घालायची, आत प्राणी अडकला की वरून खणून काढायचा.

डॅसी : कपारीत राहणारा, दिसायला गिनीपिगसारखा गुबगुबीत प्राणी. गंमत म्हणजे उत्क्रांतीच्या नात्यानं हा हत्तीच्या जवळचा. व्हेरोज गरुडाचं मुख्य खाद्य हाच, त्यामुळे एखाद्या टेकडीवरचे डॅसी बेसुमार मारले तर गरुडाचं घरटं उपाशी राहतं.

यातले बरेचसे प्राणी मारले जातात ते खाण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेत तीन पायांचं ओतीव लोखंडी भांडं असतं, त्याला ‘पोइकी’ म्हणतात. निखाऱ्यावर ते ठेवून त्यात मांस आणि भाज्या तासन्‌तास मंद शिजवतात. गिनी फाउलचं मांस, त्यातही जुन्या पक्ष्याचं, चिवट असतं. ते पोइकीतच मऊ होतं. म्हणून शिकारी छोट्या रायफलला ‘भांड्याची बंदूक’ समजतात.

मोठी रायफल असताना ही का?

तीन कारणं.

एक, मांस. दीड किलोच्या पक्ष्यावर पॉइंट ३७५ झाडली तर खायला पिसंच उरतील. पॉइंट टू-टूची गोळी डोक्यात किंवा मानेत लागली तर अख्खा पक्षी हाती येतो. शॉटगननं मारलेल्या पक्ष्यात छर्रे राहतात आणि घास खाताना दाताखाली येतात. इथं तो त्रासही नाही.

दोन, आवाज. सफारीवर आलेला पाहुणा कुडूच्या मागावर आहे आणि कुणी सशासाठी मोठा बार काढला, तर आसपासची जनावरं पांगतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. त्याहून कमी वेगाची पॉइंट टू-टू वापरली तर गोळीचा हवेतला ‘कडाड’ आवाजही होत नाही.

तीन, सराव. मोठ्या रायफलचा धक्का खांद्याला जाणवतो. चार गोळ्या झाडल्या की माणूस नकळत डोळे मिटायला लागतो. पॉइंट टू-टूला धक्का जवळपास नसतोच. श्वास धरणं, चाप झटका न देता ओढणं, नेम लागेपर्यंत थांबणं, हे सगळं हिच्यावर शिकता येतं. सफारी कॅम्पवर लहान मुलांना पहिले धडे दिले जातात ते याच रायफलवर.

५० मीटर : इथपर्यंतच आपलं राज्य

आता खरी अडचण. ही गोळी हलकी आणि संथ. ५० मीटरवर अचूक लागेल अशी रायफल जुळवली, तर १०० मीटरवर तीच गोळी साधारण १५ सेंटीमीटर खाली लागते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर १०० मीटरवर ती १२-१३ सेंटीमीटर बाजूला सरकते. आणि गिनी फाउलचं डोकं जेमतेम काही सेंटीमीटरचं. माळावर वारा कायमचाच, त्यात पक्षी चालत असतो.

ऑलिम्पिकमध्येसुद्धा ही स्पर्धा ५० मीटरवर होते. तिथं दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, लक्ष्य हलत नाही, आणि नेमबाज खास जाकीट घालून वर्षानुवर्षं सराव केलेला असतो. जीपमधून उतरून धापा टाकत नेम धरणाऱ्या पाहुण्याकडून ती अचूकता येत नाही.

म्हणून जाणते लोक एक साधा नियम पाळतात. टेका घेऊन, ५० मीटरच्या आत, थांबलेल्या जनावरावर. यातलं एकही जमत नसेल तर चाप ओढायचा नाही.

कारण इथं चुकीची किंमत जनावर मोजतं. मोठ्या गोळीचा नेम दोन इंच चुकला तरी जखम एवढी असते, की जनावर फार लांब जात नाही. पॉइंट टू-टूत चुकीला जागा नाही. पोटात गोळी लागलेला ससा बिळात शिरतो आणि तासन्‌तास तडफडून मरतो. तो ना भांड्यात येतो, ना शिकाऱ्याच्या हिशेबात. छोटी बंदूक जास्त सोपी वाटते, पण जास्त संयम तीच मागते.

गोळीच्या प्रकारानंही फरक पडतो. टोकाला खड्डा असलेली ‘हॉलो पॉइंट’ गोळी लागल्यावर पसरते, त्यामुळे सशासारख्या प्राण्याचा जीव लवकर जातो, पण मांस जास्त खराब होतं. गोल टोकाची भरीव गोळी मांस वाचवते, पण ती डोक्यातच लागायला हवी.

चुकलेली गोळी जाते कुठं?

५० मीटरच्या नेमाची ही गोळी वर कोन करून सुटली तर दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. काडतुसांच्या डब्यांवर तसा इशारा छापलेला असतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत.

झाडावर बसलेला गिनी फाउल हे सगळ्यात मोठं प्रलोभन. नेम सोपा, पक्षी स्थिर. पण पक्ष्यामागं असतं फक्त आकाश. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली तर ती दीड किलोमीटरवरच्या वस्तीत, गुरांच्या गोठ्यात किंवा दुसऱ्या जीपमध्येही पडू शकते. म्हणून शिस्तीच्या कॅम्पवर रायफलनं झाडावरचा पक्षी मारू देत नाहीत. गोळीमागं मातीचा उतार किंवा वाळवीचं मोठं वारूळ असेल तरच परवानगी.

दुसरा धोका उसळीचा. मऊ शिशाची, गोल टोकाची, संथ गोळी दगडावर, टणक जमिनीवर किंवा पाण्यावर आपटली की चपट्या दगडासारखी टप्पा घेऊन भलत्याच दिशेला उडते. डॅसी खडकात राहतो आणि गिनी फाउल पाणवठ्यावर येतो. म्हणजे हिच्या दोन्ही आवडत्या जागा उसळीच्या दृष्टीनं वाईट.

तिसरा धोका मानवी स्वभावाचा. सशाच्या मागं झुडपात शिरलेल्या माणसाच्या हातात १९० ज्यूलची बंदूक असते आणि समोर अचानक पिल्लू असलेली हत्तीण येऊ शकते. अशा वेळी पॉइंट टू-टू असणं आणि नसणं सारखंच. झाडली तर उलट संकट ओढवेल. म्हणून मोठ्या श्वापदांच्या भागात छोट्या शिकारीलाही सोबत मोठी रायफल घेतलेला व्यावसायिक शिकारी असावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

इथं देशागणिक नियम बदलतात. पण दिशा एकच दिसते. छोटी रायफल छोट्या जनावरापुरतीच.

नामिबियात १९७५ च्या निसर्ग संवर्धन अध्यादेशाखाली जनावरानुसार गोळीची किमान ऊर्जा ठरलेली आहे. स्प्रिंगबॉक, डायकर अशा छोट्या हरणांना १,३५० ज्यूल. कुडू, ओरिक्स, ईलंड यांना २,७०० ज्यूल. हत्ती, रानरेड्यासारख्यांना ५,४०० ज्यूल. आता हिशेब करा. पॉइंट टू-टूचे १९० ज्यूल म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचाही सातवा भाग. मॅग्नमही त्या पायरीच्या तिसऱ्या भागावर थांबतं. म्हणजे रिमफायरनं हरीण मारणं तिथं थेट बेकायदेशीर, नेम कितीही अचूक असला तरी.

दक्षिण आफ्रिकेत २००७ च्या नियमांनी धोक्यातल्या आणि संरक्षित यादीतल्या प्राण्यांवर पॉइंट २२ किंवा त्याहून छोटी रिमफायर वापरायला मनाई केली. बाकी प्राण्यांसाठी प्रत्येक प्रांताचे स्वतःचे नियम, परवाने आणि हंगाम आहेत. परदेशी पाहुण्याला परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्यासोबतच शिकार करावी लागते.

रायफल सोबत न्यायची असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा ‘एसएपी ५२०’ हा फॉर्म भरून तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो. एका कॅलिबरची एकच बंदूक आणि प्रत्येक बंदुकीमागं २०० काडतुसं, अशी मर्यादा आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफलींबाबत नियम कडक असल्यानं पाहुणे बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर वेळी हातानं खटका ओढून भरायची रायफल नेतात. विमानातही काडतुसांसाठी साधारण ५ किलोची मर्यादा असते. एवढ्या खटपटीपेक्षा बरेच जण कॅम्पवरचीच पॉइंट टू-टू वापरतात. आफ्रिकेतल्या बहुतेक शेतांवर आणि कॅम्पवर एखादी जुनी ब्रनो किंवा सीझेड सापडतेच.

जे गुण शिकाऱ्याचे, तेच चोरट्याचे

कायदा एवढा संशयी का, याचं उत्तर या रायफलच्या गुणांतच आहे. स्वस्त काडतूस, कमी आवाज, हलकं वजन. कॅम्पच्या स्वयंपाक्याला जे सोयीचं, ते चोरट्या शिकाऱ्यालाही सोयीचं.

रात्री तीव्र प्रकाशझोत डोळ्यांवर मारला की हरीण जागीच थिजतं. जवळून डोक्यात पॉइंट टू-टू झाडली की शेजारच्या शेतावर आवाजही पोचत नाही. यातून हरणं मरतात, आणि जी लगेच मरत नाहीत ती जखमी होऊन पळतात. म्हणूनच रात्रीची शिकार आणि रिमफायर या दोन गोष्टींवर वनरक्षकांची खास नजर असते. हातात परवाना नसेल तर ‘ससा मारायला आलो होतो’ हे कारण चालत नाही.

शिशाचा प्रश्न

आणखी एक मुद्दा अलीकडे चर्चेत आहे. पॉइंट टू-टूची बहुतेक गोळी शिशाची असते. गोळी लागल्यावर शिशाचे बारीक कण मांसात पसरतात. टाकून दिलेलं आतडं किंवा न सापडलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की ते शिसं त्यांच्या पोटात जातं.

बोट्स्वानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के गिधाडांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. त्याचा संबंध शिकारीतल्या गोळ्यांशी जोडला गेला. हा दोष एकट्या छोट्या रायफलचा नाही, मोठ्या गोळ्यांचाही आहे. पण डाइक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधामुळं आपल्याकडची गिधाडं कशी संपत आली, हे पाहिलेल्या भारतीय वाचकाला यातलं गांभीर्य लगेच कळेल. मेलेलं जनावर खाणारा पक्षी माणसाच्या एका निष्काळजी सवयीनं मरतो.

उपाय आहेत. बिनशिशाच्या गोळ्या आता रिमफायरमध्येही मिळतात. त्या न जमल्यास निदान आतडी पुरणं आणि गोळी लागलेला भाग कापून टाकून तोही पुरणं, एवढं तर करता येतंच. जेवणाऱ्या माणसाच्याही तब्येतीच्या दृष्टीनं ते बरं.

आपल्याकडे हे चालतं का?

थेट उत्तर, नाही.

१९७२ च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. त्यात ‘स्मॉल गेम’साठीचा वेगळा परवानाही होता. १९९१ च्या दुरुस्तीनं ती दारं बंद केली. आज माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकांचं नुकसान अशा मोजक्या कारणांसाठी, तेही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानंच, जनावर मारता येतं. माळावरचा ससा किंवा बांधावरचा तित्तिर ‘हौस’ म्हणून मारणं हा गुन्हा आहे. सोशल मीडियावर आफ्रिकेतले व्हिडिओ बघून गावाकडं बंदूक काढणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. बंदुकीचा परवाना असणं म्हणजे शिकारीचा परवाना असणं नव्हे.

पॉइंट टू-टूवर प्रेम असेल तर भारतात तिची जागा आहे शूटिंग रेंज. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला याच गोळीवर ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं होतं.

थोडक्यात

आफ्रिकन सफारीवर पॉइंट टू-टूला जागा आहे, पण ती ठरलेली आहे. गिनी फाउल, ससा आणि संध्याकाळचं पोइकी एवढीच. ५० मीटरच्या आत, टेका घेऊन, मागं माती बघून. हरणाला नाही, झाडावरच्या पक्ष्याला नाही, खडकावर नाही.

या रायफलचं मोल कळलेल्या शिकाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. मोठी बंदूक चुका झाकते, छोटी त्या उघड्या पाडते. म्हणून कॅम्पवर कोण कसा शिकारी आहे हे कुडूच्या शिंगांवरून ठरत नाही. समोर गिनी फाउल आहे, मागं आकाश आहे, आणि तो रायफल खाली घेतो का, यावरून ठरतं.